शनिवारपर्यंत वाचावी

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारपेटी आहे. हातभर उंची, वीतभर रुंदी, समोर चिठ्ठी टाकायला फट आणि मागे पितळी कुलूप, एवढाच माझा पसारा. सध्या माझ्या अंगावर चार ठिकाणी लाखेची मोहोर आहे आणि कुलपाला ‘पुरावा क्रमांक एक’ असा पुठ्ठा बांधलेला आहे. पेटीच्या नशिबी असलं काही येतं, असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, काहीतरीच काय! मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. पण सांगितल्याशिवाय मला राहवतही नाही.

माझा जन्म पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. तिथे पंपाच्या प्रत्येक भागाचा आधी लाकडी नमुना घडवत, त्यावरून वाळूत साचा पाडत आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतत. हे लाकडी नमुने घडवणारे एक सुतारकाका होते. बोलणं कमी, हात सोन्याचा. त्यांनीच मला खोक्यांच्या उरलेल्या फळ्यांतून एका दुपारी उभं केलं. मला खिळा म्हणून नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. हे मी उगीच मोठेपणाने सांगत नाही, नुसती आपली ओळख करून देते.

मला घडवायचं कारण असं झालं. यंत्रावरचा एक कामगार ‘पंखा बंद आहे’ एवढंच बोलला, तर मुकादमाने त्याला महिनाभर भट्टीजवळची पाळी लावली. ही गोष्ट मालकांच्या कानावर गेली. मालक तेव्हा तरुण होते, नुकतेच वडिलांच्या जागी बसले होते. ते संतापले. माणसाला तोंड उघडायची भीती वाटत असेल, तर निदान कागदाला तरी वाटू नये, असं म्हणून त्यांनी मला करून घेतलं आणि फाटकाजवळच्या भिंतीवर टांगलं. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. किल्ली एकच, ती मालकांच्या खिशात; त्यांच्याशिवाय पेटीला कोणी हात लावायचा नाही. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मालक सगळ्यांसमोर मला उघडणार आणि एकूण एक चिठ्ठी मोठ्याने वाचणार, मग तिच्यात शिव्या का असेनात. कामगारांनी त्यात आपली एक रीत घातली. पेटीत टाकलेलं तोंडाने बोलायचं नाही. बोललं की कोणी लिहिलं ते कळतं, आणि मग पेटीचा काय उपयोग? ही रीत सगळे इतक्या कसोशीने पाळत की नवरा-बायको दोघं कारखान्यात असली तरी एकमेकांना ताकास तूर लागू देत नसत.

पहिल्या शनिवारी माझ्यात तीनच चिठ्ठ्या होत्या. एक हात धुवायच्या साबणाची, एक फुटलेल्या खिडकीची. तिसरी मालकांनी उलगडली आणि ते थबकले. मग त्यांनी ती खणखणीत वाचली. “मालक दुपारी फार ओरडतात. भुकेने ओरडत असावेत. आधी जेवावं.”  मुकादमाने डोळेच मिटून घेतले. मालक म्हणाले की लिहिणाऱ्याचं निदान बरोबर आहे. सोमवारपासून ते एक तास आधी जेवू लागले आणि कारखान्यातली आरडाओरड खरोखर निम्म्यावर आली. त्या दिवसापासून लोकांनी माझ्यावर जीव टाकला.

अशी पंधरा वर्षं गेली. माझ्यामुळे पंखे फिरले, जिने दुरुस्त झाले, बायकांना बसायला वेगळी खोली मिळाली. सुतारकाकाही अधूनमधून चिठ्ठी टाकत. ते चपट्या सुतारी पेन्सिलीने जाड अक्षरात लिहीत आणि नमुन्यावर घालायच्या सवयीने खाली तारीख घालत. नाव नसलं तरी अक्षर कोणाचं ते मालकांना कळायचं, पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

मग एक बातमीदार आला. त्याने माझा फोटो छापला आणि मालकांचं नाव ‘पेटीवाले’ पडलं. कारखानदारांच्या संघटनेने त्यांना अध्यक्ष केलं. वीजकपातीने सगळे कारखाने मेटाकुटीला आले, तेव्हा मालक मला काखेत मारून थेट मुख्यमंत्र्यांच्या दालनात गेले. चाळीस कारखान्यांतल्या चिठ्ठ्या त्यांनी तिथे वाचून दाखवल्या. मुख्यमंत्र्यांना मध्ये बोलायला जागाच ठेवली नाही. पंधरा दिवसांत वीजकपात निम्मी झाली. मग काय विचारता! दोन पक्षांचे लोक निवडणुकीचं तिकीट घेऊन कारखान्याच्या फाटकाशी एकाच दिवशी येऊन बसले, आणि एकमेकांना बघून दोघांचेही चेहरे पडले.

मालक आधी नाही म्हणाले, मग बघू म्हणाले, आणि ‘बघू’ म्हणणारा माणूस शेवटी हो म्हणतो. त्यांनी कारखाना धाकट्या भावाच्या हाती दिला. मला भिंतीवरून उतरवून उघड्या जीपवर बसवलं. प्रत्येक सभेत ते माझ्यावर हात ठेवून सांगत, “कारखान्याला लावली तशी ही पेटी मी सरकारला लावणार. तुमची चिठ्ठी मी स्वतः वाचणार.” आणि ते खरंच वाचायचे हो! सभा आटोपून चहा पिता पिता वाचायचे, उत्तर द्यायचे. मी अभिमानाने फुगले होते, खोटं कशाला बोलू? मालक प्रचंड मतांनी निवडून आले आणि पहिल्याच फटक्यात मंत्री झाले. खातं मिळालं उद्योग आणि कामगार.

माझी रवानगी त्यांच्या कार्यालयाच्या बाहेरच्या दालनात झाली. गुळगुळीत फरशी, ओळीने खुर्च्या, आणि मधोमध एका चौथऱ्यावर मी. चौथऱ्यावर सोनेरी अक्षरात ‘जनतेचा आवाज’ असं लिहिलं होतं. पहिल्या शनिवारी मालकांनी तिथे तीनशे चिठ्ठ्या वाचल्या. एकाने बायको घोरते म्हणून तक्रार केली होती. मालकांनी तीही वाचली आणि हे खातं माझ्याकडे नाही असं उत्तर दिलं. दालन हसून हसून लोटपोट झालं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमचे नऊ शनिवार झाले. दहाव्या शनिवारी कुठेतरी उद्घाटन होतं, अकराव्या शनिवारी पक्षाची बैठक. मग महिन्यातून एकदा, मग सणावारी पाहुणा यावा तसं कधीतरी. मालकांच्या सहायकाने सुचवून पाहिलं की चिठ्ठ्या कारकुनांकडून उघडून, निवडून घ्याव्यात. मालक भडकले. “किल्ली माझ्याच खिशात राहील. ती दुसऱ्याच्या हाती गेली की पेटी मेली समजा.” बोलणं खरं होतं, मित्रांनो, शंभर टक्के खरं. म्हणून तर दुसऱ्या कोणी मला उघडलं नाही. आणि स्वतः उघडायला त्यांना सवड नव्हती.

लोक मात्र येत राहिले. माझ्या पोटात कागदावर कागद चढले. फट बंद व्हायची वेळ आली की दालनातला शिपाई लाकडी पट्टी आत खुपसून चिठ्ठ्या दाबायचा आणि जागा करायचा. तो माणूस वाईट नव्हता. लोकांना परत पाठवायचं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तो दाबत होता. पण मला पहिल्यांदा भीती वाटली ती त्या पट्टीने. कारखान्यात शनिवारी मी रिकामी होत असे. रिकामं होणं म्हणजे काय, हे मी विसरत चालले होते.

एका सोमवारी सकाळी दालनात सुतारकाका आले. मी त्यांना लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते, धुतलेला सदरा घातला होता, पहाटेच्या गाडीने सहा तास उभ्याने आले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याजवळ येऊन खिशातून घडी घातलेला कागद काढला. आधी त्यांनी माझ्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग चिठ्ठी आत सरकवली. शिपायाने पट्टीने तिला आत ढकललं.

चिठ्ठी पोटात आली की तिच्यावरचं सगळं मला कळतं. तीत लिहिलं होतं, “ओतकाम विभागात साचे उचलायच्या क्रेनची साखळी झिजली आहे. दोन कड्या पातळ झाल्या. धाकट्या मालकांना दोनदा दाखवल्या. हातातली मागणी पुरी झाली की बदलू म्हणतात. माणसं तिच्याखालून ये-जा करतात. शनिवारपर्यंत वाचावी, उशीर करू नये.” खाली तारीख. एक गोष्ट त्यांनी लिहिली नव्हती, पण चिठ्ठी टाकताना ती ते पुटपुटले. त्या साखळीखाली त्यांचा जावई कामाला होता. काकांनीच मालकांकडे शब्द टाकून त्याला तिथे चिकटवला होता.

आता पुढचं ऐका. काका वळले आणि आतल्या खोलीचं दार उघडून मालक स्वतःच बाहेर आले. मागे आठ-दहा माणसांचा लवाजमा. मालकांनी काकांना पाहिलं आणि सगळ्यांना थांबवून ते त्यांच्याकडे गेले. खांद्यावर हात ठेवला, तब्येत विचारली, मुलगी सुखात आहे ना, जावई रुळला ना, असं आपुलकीने विचारलं. त्या आपुलकीत तसूभर खोट नव्हती. मग ते म्हणाले, “काही काम होतं का, काका?”

माझा जीव कुलपाशी गोळा झाला. बोला, काका, बोला! समोर उभे आहेत. चार शब्दांचं काम आहे.

काका म्हणाले, “चिठ्ठी टाकलीय, मालक.”

“वाचतो,” मालक म्हणाले आणि लवाजम्यासह निघून गेले.

काका समाधानाने माझ्याकडे बघून हसले. चिठ्ठी टाकली, मालकांनी वाचतो म्हटलं, आणखी काय हवं? पंधरा वर्षांत मालकांचा असा एकही शब्द खाली पडला नव्हता. ते दुपारच्या गाडीने परत गेले. मी तिथे थिजून उभी राहिले.

पहिल्या शनिवारी मालक एका नव्या कारखान्याच्या कोनशिलेसाठी गेले. दुसऱ्या शनिवारी ते दालनात आले, आणि मला वाटलं, आली बाई वेळ. पण त्यांच्याबरोबर कॅमेरा होता. त्यांची माझ्यासह मुलाखत घ्यायची होती. अर्धा तास ते माझ्या झाकणावर हात ठेवून उभे होते. सामान्य माणसाची चिठ्ठी ही माझी सगळ्यात मोठी फाइल आहे, असं त्यांनी सांगितलं. किल्ली खिशातून काढून कॅमेऱ्याला दाखवली आणि परत खिशात ठेवली. मित्रांनो, ती चिठ्ठी त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. इतका सुन्न करणारा अर्धा तास मी आयुष्यात काढला नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला सहायकाचा फोन वाजला, मग दुसरा, मग एकदम सगळेच. शिपाई पट्टी हातात धरून दारात उभा राहिला. साखळी तुटली होती. वर लटकलेला साचा खाली आला होता. काकांचा जावई जागच्या जागी गेला. त्याचं वय तीसही नव्हतं.

मी लाकडाची. मला ओरडता येत नाही, की रडता येत नाही. चिठ्ठी टाकल्याला अठरा दिवस झाले होते. मधले दोन शनिवार मी एकसारखे मोजत राहिले.

मंगळवारी विधानसभेत गोंधळ उडाला, तो मी दालनातल्या टीव्हीवर पाहिला. कामगारमंत्र्यांच्या स्वतःच्या कारखान्यात कामगार मेला, यावर विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मालक उत्तराला उठले. चार दिवसांत त्यांचा चेहरा दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. त्यांनी सांगितलं की या साखळीबद्दल आपल्याला कोणीही काहीही कळवलं नव्हतं. आपल्या कामगारांना तक्रार कुठे करायची हे पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे आणि तक्रार असती तर ती पेटीत आलीच असती. विरोधी पक्षनेत्या उठल्या. पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या, शांत बोलणाऱ्या बाई. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

“मंत्रिमहोदय, पेटी शेवटची कधी उघडली?”

 मालक म्हणाले, “हाताच्या कांकणाला आरसा कशाला? पेटी आणा. इथेच उघडतो.”

हे ऐकून सहायकाच्या तोंडचं पाणी पळालं. मालकांना मात्र खात्री होती. खोटं बोलून वेळ मारून नेणारा माणूस पेटी मागवत नाही. त्यांच्या स्मरणातून ती सोमवारची भेट पुसून गेली होती. दिवसाला दोनशे माणसांना ते ‘वाचतो’ म्हणत होते. मला उचलून सभागृहात आणलं आणि मधल्या टेबलावर ठेवलं. कुलपाची आतली कळ गंजली होती, किल्ली दोनदा अडकली. झाकण उघडताच दाबून भरलेले कागद आपोआप वर आले आणि टेबलावर पसरले. कोणीतरी हसलं. मग कोणी हसेना.

मालक ढीग चाळू लागले आणि त्यांना ती चपट्या पेन्सिलीची जाड अक्षरं दिसली. त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी तारीख पाहिली. त्या क्षणी त्यांना सगळं आठवलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. चिठ्ठी खिशात घालता आली असती. एवढ्या ढिगात कोणाला कळलं असतं? मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला खरोखर सांगता येत नव्हतं, हा माणूस आता काय करणार.

त्यांनी चिठ्ठी उलगडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.  ‘साखळी’ या शब्दाशी ते थांबले, पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, शेवटच्या ओळीसकट. तारीखही वाचली.  विरोधी पक्षनेत्या उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. संध्याकाळी मालकांनी राजीनामा दिला. त्यांचं राजकारण तिथे संपलं.

पुढे चौकशी आयोग बसला. एका साध्या खोलीत निवृत्त न्यायाधीश, त्यांच्यासमोर टेबलावर मी, एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला सुतारकाका. काकांची मुलगी भिंतीशी बसली होती आणि कोणाकडेच बघत नव्हती. न्यायाधीशांनी काकांना विचारलं की त्या दिवशी मंत्री तुमच्यासमोर उभे होते, तुमच्याशी बोलले, मग तुम्ही त्यांना तोंडाने का सांगितलं नाही?

“चिठ्ठी टाकली होती ना, साहेब. टाकलेलं तोंडाने बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे.”

मालक उभे राहिले. अपराध रीतीचा आहे, आणि ती आपल्याच पेटीमुळे पडली, म्हणजे अपराध आपलाच, असं काहीसं ते बोलू लागले. काकांनी त्यांना मध्येच थांबवलं. काका मोठ्या आवाजात बोलले नाहीत.

“रीत चांगली होती, मालक. तुम्ही शनिवारी यायला पाहिजे होतं.”

मालक खाली बसले. मुलगी उठून बाहेर गेली, आणि काका तिच्यामागे गेले. 

माझ्यातली ती एक चिठ्ठी आयोगाने काचेच्या कागदात घालून घेतली. त्यांना तेवढीच हवी होती. बाकीच्या चिठ्ठ्या कारकुनाने गोळा करून परत माझ्यात कोंबल्या, वर लाख ओतली आणि मला या कोठारात आणून ठेवलं. मोहोर आयोगाच्या हुकुमाशिवाय फोडायची नाही, आणि आयोगाचं काम तर संपलं.

मित्रांनो, मला खरा धक्का इथे बसला. तुम्ही म्हणाल, माणूस गेला त्याहून मोठा धक्का कोणता? तर हा. एवढं सगळं घडलं, सभागृह हादरलं, मंत्री गेला, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. आणि उरलेल्या सहाशे बारा चिठ्ठ्यांत काय आहे, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. त्या मी रोज वाचते. दुसरं काम काय आहे मला? कितीतरी आता शिळ्या झाल्या असतील. पण एक चिठ्ठी मला स्वस्थ बसू देत नाही. ती एका शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंची आहे. “आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरचा कठडा हलतो. मुलं त्याला टेकून उभी राहतात.” लिहिण्याच्या घाईत शाळेचं नाव घालायला त्या बिचाऱ्या विसरल्या.

कोणती शाळा, मला माहीत नाही. म्हणून उद्या सकाळी तुमच्या शाळेत गेलात की एवढं करा. कठड्याला टेकू नका, नुसता हात लावून बघा. हलला, तर मागे व्हा आणि इतरांनाही मागे करा. मग चिठ्ठी लिहीत बसू नका. जो मोठा माणूस पहिला दिसेल, त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि त्याला तोंडाने सांगा. तो ‘बघतो’ म्हणाला, तर तिथून हलू नका. त्याला हाताला धरून वर घेऊन जा.